बाजरीचं पीठ इतक्या लवकर कडू का होतं?

आज आपण बोलणार आहोत आपल्या पिठाच्या डब्याबद्दल. ज्वारीचं पीठ महिनाभर राहिलं तरी त्याची भाकरी गोड लागते. गव्हाच्या पिठाचंही तसंच. बाजरीचं पीठ मात्र आठ-दहा दिवसांतच कडवट लागायला लागतं, उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. म्हणून तर आपल्या आया-आज्या बाजरीचं दळण थोडं थोडंच करायच्या.

घरापुरतं दळण असेल तर हे चालून जातं. पण २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून बाजरीला शहरातही मागणी दिसू लागली आणि बचत गटांच्या स्टॉलवर पिठाची पाकिटं आली. समजा, एका गटाने ४० किलो बाजरी दळून किलो-किलोची पाकिटं भरली. आठवड्यात निम्मी खपली. उरलेली २० पाकिटं कडू झाली. किलोमागे ५० रुपये धरले तरी हजार रुपये पाण्यात गेले. आणि कडू भाकरी खाल्लेलं गिऱ्हाईक पुन्हा त्या स्टॉलकडे फिरकत नाही, ते नुकसान तर वहीत लिहिताही येत नाही.

हे नुकसान टाळता येतं. त्यासाठी आधी पिठात काय घडतं आणि ते किती वेगाने घडतं, हे समजून घेऊ.

बाजरीच्या दाण्यात तेल जास्त असतं. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ५ ग्रॅम, तर ज्वारीत आणि गव्हात २ ग्रॅमच्या आसपास. हे तेल मुख्यतः दाण्याच्या अंकुरात असतं आणि बाजरीचा अंकुर दाण्याच्या मानाने मोठा असतो. याच दाण्यात लायपेज नावाचं एक विकर असतं. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात तयार होणारा, रासायनिक बदल घडवून आणणारा पदार्थ. लायपेज तेल फोडतं आणि त्यातून आंबटसर, कडवट आम्लं सुटी होतात. ही झाली पहिली क्रिया. दुसरी क्रिया हवेतल्या ऑक्सिजनची. तो तेलाशी संयोग पावतो आणि पिठाला खवट वास येतो. जुन्या शेंगदाण्याला किंवा खोबऱ्याला येतो तोच हा वास.

म्हणजे पीठ कडू होणं ही रासायनिक अभिक्रिया आहे. काही अभिक्रिया क्षणात होतात, उदाहरणार्थ दिवाळीतला फटाका. काहींना महिने लागतात, जसा विळ्याला चढणारा गंज. आपल्या मुलींच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे घटक' असा भाग आहे. दर म्हणजे वेग. तो वेग कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, एवढं कळलं की पीठ जास्त दिवस टिकवणं आपल्या हातात येतं.

अभिक्रिया होण्यासाठी दोन पदार्थांचे सूक्ष्म कण एकमेकांना भेटावे लागतात, तेही पुरेशा जोराने. यात्रेत गर्दी वाढली की धक्के वाढतात, तसंच हे. जितक्या भेटी जास्त आणि जितका जोर जास्त, तितका वेग जास्त.

आता एकेक घटक पाहू.

पहिला घटक, कणांचा आकार. चूल पेटवताना आपण ओंडक्याला काडी लावत नाही, ढलप्या आणि काटक्या लावतो. लाकूड तेच, पण बारीक केल्यावर त्याचा हवेला लागणारा भाग वाढतो. बाजरीचंही तसंच. २ मिलिमीटरच्या दाण्याचे ०.२ मिलिमीटरचे कण केले, तर एका दाण्याचे सुमारे हजार कण होतात आणि हवेला लागणारा पृष्ठभाग दहापट होतो. शिवाय अख्ख्या दाण्यात तेल आणि लायपेज आपापल्या कप्प्यात वेगळे असतात. गिरणीत ते कप्पे फुटतात आणि दोघांची गाठ पडते. म्हणून बाजरी कोठीत महिनोन्‌महिने टिकते, पण दळली की घड्याळ सुरू होतं. गटाने साठा करायचा तो धान्याचा, पिठाचा नाही. दळण मागणीप्रमाणे करायचं.

दुसरा घटक, तापमान. उष्णतेने कण जोरात धावतात आणि त्यांच्या भेटी जोरकस होतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांटे अरेनियस यांनी १८८९ साली तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचं नातं गणिताने मांडलं. रोजच्या वापरासाठी एक ठोकताळा लक्षात ठेवू: तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याच अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांवर जे पीठ १६ दिवस चांगलं राहील, ते ३० अंशांवर ८ दिवस आणि ४० अंशांवर ४ दिवस. हा अंदाजाचा हिशेब आहे, पण पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली पाकिटं का लवकर खराब होतात, ते यातून कळतं. आपल्याकडे बाजरी थंडीत खायची रीत आहे. बाजरी उष्ण म्हणून, असं घरात सांगतात. त्या रितीचा आणखी एक फायदा असा की थंडीत पीठही जास्त दिवस टिकतं.

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच पाकिटात भरलं, तर उष्णता आत कोंडते आणि वाफेचं पाणी होऊन पाकिटाला आतून दव धरतं. म्हणून पीठ स्वच्छ कापडावर पातळ पसरून, पूर्ण गार करूनच भरावं.

तिसरा घटक, ओल. लायपेज तेल फोडतं तेव्हा त्या क्रियेत पाणीच खर्च होतं. पाणी जितकं कमी, तितकं काम मंद. बाजरी दळायला नेण्याआधी कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, दबता कामा नये. ओला हात किंवा ओला चमचा पिठाच्या डब्यात जाऊ देऊ नये.

चौथा घटक, हवा आणि उजेड. फुंकणीने फुंकलं की निखारा लाल होतो, कारण त्याला जास्त ऑक्सिजन मिळतो. पदार्थाचं प्रमाण वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, हा नियम इथेही लागू आहे. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. त्यापेक्षा लहान डबा काठोकाठ भरलेला बरा. पाकिटातली हवा दाबून काढावी आणि मग सील करावं. उजेडानेही तेल खवट व्हायला वेग येतो. पारदर्शक पाकिटात माल छान दिसतो हे खरं, पण ती उन्हात मांडू नयेत. पाकिटं खोक्यात ठेवावीत, नमुन्यापुरतं एखादंच बाहेर असावं.

पाचवा घटक सगळ्यांत महत्त्वाचा, तो म्हणजे उत्प्रेरक. गावात एखादा लग्न जुळवणारा असतो. तो दोन घरांची गाठ घालून देतो, काम लवकर होतं आणि तो स्वतः पुढच्या घरी जायला मोकळा राहतो. उत्प्रेरक तसाच असतो: अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः संपत नाही. लायपेज हा असाच उत्प्रेरक आहे. थोडंसं लायपेज सगळं पीठ कडू करायला पुरतं.

पण लायपेजची एक कमजोरी आहे. ते प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा बलक तापवला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. तसं लायपेज खूप तापलं की कायमचं निकामी होतं. म्हणजे थोडी उष्णता त्याचा वेग वाढवते आणि भरपूर उष्णता त्याचं काम थांबवते. आपली भाजणी साध्या पिठापेक्षा जास्त टिकते, त्यामागे हेही कारण आहे. तिच्यातली धान्यं दळण्याआधी भाजलेली असतात.

बाजरीसाठी शास्त्रज्ञांनी अजमावलेला एक उपाय गटाला करता येण्यासारखा आहे. बाजरी निवडून धुऊन घ्या. मोठ्या पातेल्यात बाजरीच्या पाचपट पाणी खळखळ उकळा. पाणी भरपूर हवं, नाहीतर बाजरी टाकताच ते गार पडतं. बाजरी सुती फडक्यात सैल बांधून त्यात काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट बुडवा. लगेच काढून, पाणी निथळून, पातळ पसरून कडक वाळवा. मग दळा. दाण्यातलं लायपेज आधीच निकामी झाल्याने पीठ कडू व्हायला बराच जास्त वेळ लागतो. पहिल्यांदा एक-दोन किलोवरच करून बघा. भाकरी थापून पाहा, कारण तापवलेल्या धान्याचं पीठ थोडं वेगळं मळावं लागू शकतं. वाळवण्यात मात्र हयगय नको. ओल राहिली तर बुरशी धरेल आणि एक नुकसान टाळताना दुसरं ओढवेल.

लायपेज थांबलं तरी ऑक्सिजनची क्रिया चालूच राहते, हे विसरू नका. म्हणून गार जागा, कोरडेपणा आणि बंद पाकीट ही काळजी घ्यावीच लागते. लोखंडाचा गंज आणि तांबंही खवटपणाला वेग देतात, त्यामुळे गंजलेला डबा नको. जुन्या पिठावर नवं पीठ ओतू नका. जुन्या पिठात खवटपणाची साखळी सुरू झालेली असते, ती नव्यालाही लवकर ओढते. डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण वाळवूनच नवं पीठ भरा. घरी फ्रिज असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात पीठ आत ठेवता येतं. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होऊ द्या आणि मगच उघडा, नाहीतर पिठाला दव धरेल.

आता एक काम सांगतो, ते गटात मिळून करा. एकाच दळणाचं पीठ तीन सारख्या लहान बरण्यांत भरा. एक घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात, एक स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि एक पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा. चौथी बरणी उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाजरीच्या पिठाची करा आणि तीही फळीवरच ठेवा. प्रत्येकीवर तारीख लिहा. रोज वास घ्या, दोन दिवसांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहा आणि वहीत नोंद करा. कोणती बरणी कितव्या दिवशी बिघडली, ते आपोआप कळेल. हाच प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात करा. पाकिटावर दळल्याची तारीख आणि किती तारखेपर्यंत वापरावं हे छापावं लागतं. ती तारीख दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवू नका. तुमच्या गिरणीचं, तुमच्या हवेतलं पीठ किती दिवस टिकतं, ते तुमची वही सांगेल. त्या दिवसांतूनही थोडे दिवस कमी करून तारीख घाला, कारण पाकीट गिऱ्हाइकाच्या घरी कुठे ठेवलं जाईल, ते आपल्या हातात नसतं.

पुढच्या बैठकीत बरण्यांच्या नोंदी मोठ्याने वाचा आणि एका वेळी किती किलो दळायचं, ते त्यावरून ठरवा. आम्हालाही तुमचे आकडे नक्की कळवा. वेगवेगळ्या गावांच्या नोंदी आम्ही कार्यक्रमात शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवू.