त्यांना हवं तरी काय होतं?
(उदार धर्माच्या वाटा : लेखांक ७)

आज विठ्ठल रामजी शिंद्यांचं काम जिथे चाललं त्या परळच्या बंगल्यात जायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. मध्येच नवापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. गुरुजी विचारतात, ‘विठ्ठल रामजी शिंद्यांना युनिटेरियनांनी ऑक्सफर्डला नेलं, दोन वर्षं पोसलं, शिकवलं. एवढं करून बाप्तिस्मा घ्या म्हणाले नाहीत? मग त्यांना हवं तरी काय होतं?’

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पडणारच. मिशन म्हटलं की आपल्याला आठवतं नंदुरबारचं एस. ए. मिशन हायस्कूल, नाहीतर चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय. सातासमुद्रापलीकडून आलेली माणसं शाळा-दवाखाने काढत, आजाऱ्याची सेवा करत आणि सुवार्ताही सांगत. त्यात लपवाछपवी काही नव्हती. त्यामुळे सुवार्ता न सांगता पैसा देणारा गोरा माणूस गुरुजींना संशयास्पद वाटला, तर नवल नाही.

‘ज्या युनिटेरियन ख्रिस्त्यांनी पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्यच नाकारलं ते बाप्तिस्म्याचा हट्ट कशाला धरतील?’ असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण ते पुरतं खरं नाही. युनिटेरियनांनीही आधी मिशनरी पाठवून पाहिला होता. अमेरिकेतले चार्ल्स डॉल १८५५ साली कलकत्त्याला उतरले आणि १८८६ मध्ये तिथेच वारले. या तीन दशकांत त्यांनी शाळा चालवल्या, व्याख्यानं दिली, पुस्तकं वाटली. आणि शेवटी स्वतःच केशवचंद्र सेनांच्या ब्राह्म समाजाच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून बसले! आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी सोडलं नाही, पण घरोबा केला तो ब्राह्मांशी. त्याच्याही आधी, १८२१ मध्ये, विल्यम अ‍ॅडम नावाचे बाप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉय यांच्याशी वाद घालता घालता युनिटेरियन झाले होते. ‘अ‍ॅडमचं हे दुसरं पतन’ म्हणून कलकत्त्याच्या पाद्र्यांनी त्यांची थट्टा केली. इथे शिकवायला येणारा माणूसच बदलून जातो, हे या मंडळींना अनुभवाने कळलेलं होतं.

मग १८९५ च्या अखेरीस जेबेझ संडरलंड हिंदुस्थानात आले. जन्म यॉर्कशायरचा, कर्मभूमी अमेरिकेतलं मिशिगन, आणि या खेपेला लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनचे दूत. पुण्यात त्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन होतं. सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप द्यायचा की नाही यावरून गाव पेटलेलं, आणि अखेर रानड्यांनी आपली परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेलेली. संडरलंड नेमके अशा वेळी पुण्यात होते. समाजसुधारणेसाठी इथली माणसं स्वतःच्याच लोकांचा रोष पत्करतात, हे सांगायला त्यांना वेगळा वाटाड्या लागला नसेल.

या फेरीतून निघाली ती शिंद्यांना पुढे मिळालेली शिष्यवृत्ती. नवा मिशनरी धाडायच्या ऐवजी ब्राह्म समाजातला किंवा प्रार्थना समाजातला तरुण ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात आणायचा, त्याला धर्मांचा अभ्यास करू द्यायचा आणि परत त्याच्याच समाजाच्या कामाला पाठवायचा. या कॉलेजचं वैशिष्ट्य असं, की शिकणाऱ्याने वा शिकवणाऱ्याने अमुक एक श्रद्धा मानलीच पाहिजे अशी अट तिथे नव्हती. सत्य, स्वातंत्र्य आणि धर्म या तिघांना ते वाहिलेलं होतं.

तिथे तौलनिक धर्मशास्त्र शिकवायचे जोसेफ एस्टलिन कार्पेंटर. माझा हा आवडता माणूस, म्हणून थोडं थांबतो. राममोहन १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, तेव्हा त्यांच्यावर प्रवचन करणारे लँट कार्पेंटर हे यांचे आजोबा. त्या दिवसांत राममोहनांना जवळून पाहिलेली आणि पुढे १८६६ साली मुंबईला उतरून मुलींच्या शाळा पाहत हिंडलेली मेरी कार्पेंटर ही यांची आत्या. आत्याचं चरित्रही यांनीच लिहिलं. यांच्या नावातलं एस्टलिन घ्या, तर राममोहनांवर उपचार करणाऱ्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांचं आडनावही एस्टलिनच! शिवाय गृहस्थ पालीचे पंडित. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या जोडीने त्यांनी ‘दीघनिकाय’ संपादित केला. म्हणजे जमखंडीचा विठू, आपले शिंदे, ज्या वर्गात जाऊन बसला, त्या वर्गाचे शिक्षक तीन पिढ्यांपासून आपल्याशी बांधलेले होते. नुसत्या संस्थांच्या ठरावांवर असे संबंध टिकत नाहीत. एखादं घराणं ते धरून ठेवतं.

शिंद्यांच्या जाण्यात आपल्या शेजाऱ्याचाही हात आहे. नवापूर ओलांडून गाडी गुजरातेत शिरली की सोनगड येतं, गायकवाडांचं पहिलं ठाणं. त्याच गादीवरचे सयाजीराव शिंद्यांना वकिलीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती देत होते, बडोद्याची नोकरी करावी या अटीवर. पोराने वकिली सोडून धर्मप्रचार धरला. महाराजांनी अट सोडली, वर विलायतेच्या प्रवासालाही मदत केली. सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे बोटीत बसले. शिक्षणाचा खर्च युनिटेरियनांचा, प्रवासाला हात महाराजांचा, आणि परतल्यावर काम मुंबई प्रार्थना समाजाचं.

दर वेळी असं जुळून आलं नाही. शिंद्यांच्या आधी, १८९८ मध्ये, बिपिनचंद्र पाल याच कॉलेजात गेले होते. वर्षभरात अभ्यास सोडून ते दारूबंदीवर व्याख्यानं देत अमेरिकेत पोचले आणि पुढे लाल-बाल-पालमधले पाल झाले. पैसे देणाऱ्यांना मिळायचा होता धर्मप्रचारक, मिळाला स्वदेशीचा पुढारी. संडरलंड स्वतः तरी कुठे वेगळे निघाले? त्यांच्या ‘इंडिया इन बाँडेज’ या पुस्तकावर सरकारने बंदी घातली आणि ते छापल्याबद्दल रामानंद चॅटर्जींवर खटला भरला.

तर गुरुजी, त्यांना हवा होता जोडीदार. एकेश्वरी उपासनेची वाट आपण एकटेच चालत नाही, हे त्यांना स्वतःच्या देशबांधवांनाही दाखवायचं होतं. १९०३ च्या सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे शिंदे उभे राहून हिंदुस्थानातल्या उदार धर्माविषयी बोलले, ते त्या व्यासपीठाच्याही गरजेचं होतं. हा व्यवहार बरोबरीचा मात्र नव्हता. शिष्यवृत्ती एकाच दिशेने धावत होती. गिरगावच्या प्रार्थना समाजात तुकोबांचे अभंग शिकायला यायची योजना लंडनने आखली नाही. मला ही उणीव मोठी वाटते.

शिंद्यांनी तिकडून आणलं ते पुस्तकी धर्मशास्त्रापेक्षा वेगळं होतं. युनिटेरियनांच्या ‘डोमेस्टिक मिशन’ नावाच्या संस्था इंग्लंडच्या गिरणगावांत गरिबांच्या दारात जाऊन काम करत; शाळा, रविवारचे वर्ग, बचत, आजारपणात मदत. शिंद्यांनी परतल्यावर परळला अस्पृश्यांसाठी उभारलेल्या कामाची घडी पाहा : दिवसाची शाळा, रात्रीची शाळा, रविवारची शाळा, भजन, शिवणवर्ग, मोफत दवाखाना. माणसं आणि अस्पृश्यतेचा प्रश्न मात्र अस्सल इथले, आणि तो प्रश्न गिरगावच्या उपासनामंदिरातल्या पुष्कळांना सोयीचा नव्हता. १९१० मध्ये शिंदे मुंबई समाजाच्या प्रचारकपदावरून दूर झाले.

युनिटेरियनांशी हा घरोबा खरा टिकला तो आपल्याकडे नाही, मेघालयातल्या खासी-जैंतिया टेकड्यांत. हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये जोवाईला पहिली उपासना घेतली; डॉल आणि संडरलंड या दोघांशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. तिथल्या गावोगावच्या मंडळ्यांशी अमेरिकेतल्या मंडळ्यांचं नातं आजही चालू आहे. तिथे उपासनेला शेतकरी बसले. आपल्याकडे बसले न्यायाधीश, प्राध्यापक आणि वकील. ते निवृत्त झाले की नवी भरती कुठून होणार?

परळ पुढच्या रविवारी, नक्की. सुरुवात करू ती दामोदरदास सुखडवाला शेठजींच्या हजार रुपयांपासून.