प्रश्नाच्या मापाची संस्था

मोठा सामाजिक प्रश्न समोर आला की आपण म्हणतो, 'यासाठी एक संस्था काढायला हवी.' पण कोणती? शाळा, दवाखाना, सोसायटी, सरकारी खाते हे साचे तयार असतातच. प्रश्न त्यांत बसतच नसेल तर? वऱ्हाडातली तीन उदाहरणे पाहू.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. शहरात शाळा होत्याच. खेड्यातल्या गरीब मुलाचे अडत होते ते राहण्या-जेवण्यापाशी, आणि तिथे जातही आड येई. म्हणून सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह निघाले. जिथे अडत होते, तिथेच संस्था उभी राहिली.

दुसरे उदाहरण अकोल्याचे. पूर्वी शेतीचे शिक्षण महाविद्यालयात, संशोधन सरकारी प्रक्षेत्रावर आणि प्रसार कृषी खात्याकडे, अशी तिन्ही कामे वेगवेगळी चालत. ती एकत्र आणणाऱ्या विद्यापीठांची कल्पना अमेरिकेत वाढली. भारतात तशी पहिली संस्था १९६० मध्ये पंतनगरला निघाली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ चे. त्याला पंजाबरावांचेच नाव आहे. शेतातला प्रश्न प्रयोगशाळेत जावा आणि उत्तर शेतात परत यावे, हा यामागचा विचार. प्रसाराचा मोठा भाग मात्र राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. त्यामुळे ही ये-जा किती चालते, यावर संस्थेचे यश ठरते.

तिसरे उदाहरण कपाशीचे. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भात मोठे नुकसान झाले. ही अळी बोंडाच्या आत असते. तिथे फवारा पोचत नाही. तिची साखळी तोडायची तर काही महिने शेतात कपाशीच नको. म्हणून फरदड न घेता हंगाम वेळेवर संपवावा आणि पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या शेतातला पतंग धुरा ओलांडून येतोच! उपाय माहीत आहे. तो सगळ्या गावाने एकाच वेळी करावा लागतो. इथे नव्या बियाण्याइतकीच गरज आहे ती गावाला एकत्र ठरवता येईल अशा व्यवस्थेची.

म्हणजे संस्था आखताना तीन गोष्टी विचाराव्यात. नेमके अडते कुठे? माहिती दोन्ही दिशांनी जाते का? आणि प्रश्न पसरला आहे किती: एका घरापुरता, गावापुरता की नदीच्या खोऱ्यापर्यंत?

वर्गात हे करून पाहता येईल. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारे असते. मुलांना नकाशा द्या आणि विचारा: गोड्या पाण्यासाठी एक संस्था काढायची, तर तिची हद्द तुम्ही कुठे आखाल?