मधुमेही वृक्कविकार व कलकणू

मधुमेहात दीर्घकाल टिकून राहिलेल्या रक्तशर्करावाढीमुळे वृक्कांची (मूत्रपिंडांची) रचना व कार्य यांत होणाऱ्या क्रमिक ऱ्हासाला ‘मधुमेही वृक्कविकार’ म्हणतात. मूत्रातून अल्ब्युमीन हे प्रथिन जाऊ लागणे हे त्याचे बहुधा पहिले चिन्ह होय. हा विकार केवळ रक्त गाळणाऱ्या केशवाहिनी-गुच्छांचा आहे, असे पूर्वी मानीत. वृक्कनलिकांच्या कोशिका व त्यांतील कलकणू अथवा मायटोकाँड्रिया (कोशिकेला ऊर्जा पुरविणारी सूक्ष्म अंगके) यांचाही त्यात मोठा वाटा असल्याचे नंतर दिसून आले.

दोन्ही वृक्कांचे वजन शरीराच्या सु. ०·५% असते, तथापि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सु. पाचवा हिस्सा त्यांना मिळतो. निरोगी माणसात दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यातील सु. १८० ग्रॅ. ग्लुकोज नलिका जवळजवळ संपूर्णपणे परत शोषून घेतात. हे शोषण सोडियमाच्या जोडीने होते. आत आलेले सोडियम बाहेर टाकण्यास लागणारी ऊर्जा कलकणू मुख्यत्वे वसाम्लांच्या ऑक्सिडीकरणातून पुरवितात. मधुमेहात गाळले जाणारे ग्लुकोज वाढते. साहजिकच शोषणाचे काम व ऑक्सिजनाची मागणीही वाढते. पुढे कलकणू खंडित होतात, जीर्ण कलकणूंचा निचरा मंदावतो, न वापरलेली वसा कोशिकेत साचते आणि रक्तात इंधन मुबलक असूनही कोशिकेला ऊर्जा कमी पडते. अखेर तंतुमय ऊतक वाढून नलिका निकामी होतात.

अतिरिक्त ग्लुकोजामुळे कलकणूंत सुपरऑक्साइड जास्त निर्माण होऊन हानी होते, असा सिद्धांत मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडला. कुमार शर्मा व त्यांचे सहकारी यांना मात्र २०१३ मध्ये मधुमेही उंदरांच्या वृक्कांत सुपरऑक्साइड उलट घटलेले आढळले. केवळ ऑक्सिडीकरणरोधके देऊन हा विकार थोपविता येईल, ही अपेक्षा म्हणूनच फार सोपी वाटते. कलकणूंच्या स्वतःच्या डीएनएमधील एका बदलामुळे मातेकडून अपत्यांत मधुमेह व बहिरेपणा येतो. अशा काही रुग्णांत वृक्कविकारही आढळतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक बाब लक्षणीय आहे. पुण्यानजीकच्या खेड्यांत १९९३ पासून चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ते सु. ३·५ किग्रॅ. होते. जन्मतः वजन कमी असल्यास वृक्काणूंची (मूत्र तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्याही कमी असण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीस पुढे मधुमेह झाल्यास प्रत्येक वृक्काणूवर, पर्यायाने त्यातील कलकणूंवर, अधिक भार पडू शकतो.

ग्लुकोजाचे पुनःशोषण रोखणाऱ्या औषधांनी हा भार हलका होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनाग्लिफ्लोझीनच्या चाचणीत ४,४०१ मधुमेही वृक्करुग्ण होते; वृक्कनिष्फलता, वृक्ककार्यातील गंभीर घट अथवा वृक्क वा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका औषध घेणाऱ्यांत सु. ३०% कमी आढळला. त्यास वृक्कातील गाळणदाब कमी होणे, हे प्रमुख कारण समजतात. कलकणूंना मिळणारी उसंत हेही एक कारण असावे.