टॅबलेट घेण्याआधी त्याच्या मागचं दुकान बघा



आज बोलायचं आहे टॅबलेटबद्दल. डोकं दुखल्यावर घेतो ती गोळी नव्हे, पाटीएवढा पडदा असलेला टॅबलेट. बचत गटांच्या बैठकांत हा विषय आता निघू लागला आहे. गटाचा हिशेब त्यावर ठेवता येईल, शेळीपालनाचा व्हिडिओ सगळ्यांना एकदम बघता येईल, संध्याकाळी मुलांना अभ्यासाला देता येईल, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. फोनच्या एवढ्याशा पडद्याभोवती दहा जणींनी माना वाकवून बसायचं, त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण पैसे कसे जमतात ते आपल्याला माहीत आहे. बारा जणींचा गट, प्रत्येकीचे महिन्याला १०० रुपये, असं धरलं तर १२,००० रुपये जमायला १० महिने लागतात. कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या बियाण्याला, मुलीच्या फीला उपयोगी पडतील असे हे पैसे. म्हणून दुकानात जाऊन "त्यातल्या त्यात स्वस्त दाखवा" असं म्हणण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. टॅबलेट घेताना आपण वस्तू घेतोच, पण तिच्यासोबत एका दुकानाशी कायमचं नातंही जोडतो. वस्तू हातात असते म्हणून दिसते. दुकान दिसत नाही, आणि पुढचा सगळा खर्च तिथेच होतो.

हे दुकान म्हणजे काय?

ॲप, पुस्तकं, गाणी, चित्रपट जिथून टॅबलेटवर येतात, ती जागा म्हणजे हे दुकान. गूगलच्या दुकानाचं नाव प्ले स्टोअर, ॲपलचं ॲप स्टोअर, ॲमेझॉनचं ॲपस्टोअर. टॅबलेट ज्या जातीचा, त्याचं दुकान ठरलेलं. एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, तसंच एका दुकानातून विकत घेतलेलं ॲप दुसऱ्या जातीच्या टॅबलेटवर चालत नाही. टॅबलेट बदलला आणि दुकानही बदललं, तर ती खरेदी पुन्हा करावी लागते.

स्वस्त का देतात?

याचं उत्तर २०११ सालच्या एका स्पर्धेत सापडतं. अमेरिकेत त्या वर्षी दोन स्वस्त टॅबलेट समोरासमोर आले. ॲमेझॉनने किंडल फायर काढला, किंमत १९९ डॉलर. बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांच्या मोठ्या साखळीने नूक टॅबलेट काढला, किंमत २४९ डॉलर. ॲपलचा आयपॅड तेव्हा ४९९ डॉलरपासून पुढे होता. फायर आणि नूक दोन्ही ७ इंची. नूकमध्ये १६ जीबी साठवण आणि वर मेमरी कार्डाची खाच. फायरमध्ये ८ जीबी आणि कार्डाला जागाच नाही.

जाणकारांनी किंडल फायरचे भाग सुटे करून हिशेब मांडला. तो बनवायलाच जवळपास २०० डॉलर खर्च येत असावा, असा त्यांचा अंदाज निघाला. मग कंपनीला काय सुटत होतं? ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढच्या वर्षी ते उघडच सांगितलं. लोक यंत्र विकत घेतात तेव्हा नव्हे, ते वापरतात तेव्हा आम्हाला पैसे मिळावेत, असं त्यांचं धोरण होतं.

हे गणित आपल्याला नवं नाही. व्यापारी पेरणीला उचल देतो, गोड बोलतो, व्याजाचं नावही काढत नाही. पण माल निघाला की त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. स्वस्त टॅबलेट म्हणजे पुष्कळदा अशीच उचल. उचल घेऊ नये असं आमचं म्हणणं नाही. घेताना काटा कोणाचा ते माहीत असावं, एवढंच.

दुकान बंद पडलं तर?

नूकचंच पुढचं ऐका. मार्च २०१६ मध्ये त्यांनी ब्रिटनमधलं दुकान बंद केलं आणि तिथल्या वाचकांना सेन्सबरीज या किराणा दुकानांच्या साखळीकडे सोपवलं. त्याच वर्षी सेन्सबरीजनेही ई-पुस्तकांचा धंदा आवरला आणि वाचकांना कोबो नावाच्या तिसऱ्या दुकानाकडे पाठवलं. पुस्तकं आपलीच, आणि वर्षभरात तीन दारं. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पैसे परत दिले, पण विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली.

एचपी कंपनीचा टचपॅड जुलै २०११ मध्ये ४९९ डॉलरला बाजारात आला आणि ४९ दिवसांत कंपनीने तो बंद केला. उरलेला माल ९९ डॉलरला विकला. लोकांनी तो भराभर उचलला. पण कंपनीनेच सोडलेल्या यंत्रासाठी नवी ॲप कोण बनवणार? जानेवारी २०१५ मध्ये त्याचं ॲपचं दुकानही बंद झालं.

आपल्या देशातलं उदाहरण आकाश टॅबलेटचं. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी तो मोठ्या गाजावाजात आला. सरकारी खरेदीची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. हेतू चांगला होता. पण पडदा बोटाने जोरात दाबावा लागे, चाल संथ होती, बॅटरी लवकर उतरे. आणि अँड्रॉइडवर चालत असूनही त्यावर गूगलचं ॲपचं दुकान नव्हतं, गेटजार नावाचं दुसरंच होतं.

आज आपल्यासमोर काय आहे?

पहिली जात प्ले स्टोअर असलेल्या अँड्रॉइड टॅबलेटची. सॅमसंग, लेनोवो, रेडमी, रियलमी अशा कंपन्यांचे साधे टॅबलेट १० ते १५ हजारांच्या आसपास मिळतात. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी दुकान एकच. आज लेनोवो आणि उद्या सॅमसंग घेतला, तरी तेच खातं उघडून जुनी खरेदी परत मिळते. गटासाठी हा मोठा फायदा.

दुसरी जात आयपॅडची. यंत्र टिकाऊ, सुधारणा बरीच वर्षं येत राहतात. पण नवा आयपॅड ३० हजारांच्या पुढे जातो आणि त्यात मेमरी कार्डाची खाच नसते.

तिसरी जात ॲमेझॉनच्या फायरची. हा आपल्या तालुक्याच्या दुकानात सहसा दिसत नाही. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला किंवा कुणी जुना विकायला काढलेला असतो. त्यावर प्ले स्टोअर नसतं. शाळेने सांगितलेलं ॲप त्यावर मिळेलच असं नाही.

चौथी जात बिननावाच्या किंवा कधी न ऐकलेल्या नावाच्या टॅबलेटची. चार-पाच हजारांत मिळतो, खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्याची सुधारणा कधी येईल, दुरुस्ती कुठे होईल, हे विचारायला कुणीच सापडत नाही.

आमचा कल सरळ आहे. गटाच्या कामासाठी पहिल्या जातीचा, नावाजलेल्या कंपनीचा टॅबलेट घ्यावा.

आपल्याला हवं ते कुठे मिळतं?

आता आपल्या गरजांपासून सुरुवात करू. मुलांच्या अभ्यासासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पुस्तकातल्या चौकोनी काळ्या-पांढऱ्या खुणा वाचून धडे दाखवणारं सरकारचं दीक्षा ॲपही फुकट आहे. लहान मुलांच्या गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर आहे. तिथल्या मराठी गोष्टी वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापून वाटल्या तरी चालतात.

मोठ्यांच्या वाचनासाठी ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात, आणि त्यासाठी ॲमेझॉनचाच टॅबलेट लागत नाही. किंडलचं ॲप अँड्रॉइडवरही चालतं, आयपॅडवरही. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. मात्र त्याला वर्गणी आहे. वर्गणी थांबली की ऐकणंही थांबतं.

यातून एक फरक लक्षात ठेवा. पीडीएफ पुस्तक किंवा साधं एमपीथ्री रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर ठेवलं, तर ते आपलं. कार्ड काढून दुसऱ्या टॅबलेटमध्ये घातलं तरी चालतं, नेट नसलं तरी चालतं. दुकानातून विकत घेतलेलं पुस्तक म्हणजे वाचायची परवानगी, आणि ती त्या दुकानापुरती. २००९ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तकं परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण घरात ठेवलेलं पुस्तक असं परस्पर कुणी नेऊ शकत नाही. यूट्यूबवर "डाउनलोड" केलेला व्हिडिओही त्या ॲपच्या आतच राहतो, आणि तो चालू ठेवायला मधूनमधून नेट लावावं लागतं.

म्हणून आमचा सल्ला असा, की आधी फुकट आणि मोकळं आहे ते भरून घ्या. विकतचं नंतर, आणि गरजेपुरतंच.

खातं कोणाच्या नावावर?

सख्यांनो, आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. टॅबलेट सुरू करताना तो खातं मागतो. घाईत काय होतं? दुकानदार स्वतःचा नंबर घालून खातं काढून देतो, किंवा एखादीचा मुलगा आपलंच खातं जोडतो. मग पासवर्ड बदलला, मुलगा पुण्याला गेला, की टॅबलेट आपल्या हातात आणि किल्ली दुसऱ्याच्या. शेतात राबायचं आपण आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपण पुष्कळ पाहिलं आहे. पैसे आपल्या बचतीचे असताना इथे तरी ते व्हायला नको.

गटासाठी वेगळं, नवं गूगल खातं काढा. पासवर्ड विसरल्यास मदतीसाठी फोन नंबर मागतात, तो अध्यक्षांचा द्या. दुसरा ईमेल मागतात, तो सचिवांचा द्या. बँकेत दोघींच्या सह्या लागतात, तशीच ही सोय. पासवर्ड वहीत लिहून वही गटाच्या पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलल्या की नंबरही बदला आणि ठराववहीत नोंद करा.

गटाचं बँक खातं किंवा कुणाचं यूपीआय या दुकानाला जोडू नका. काही विकत घ्यायचंच असेल तर ठरावीक रकमेचा प्ले स्टोअरचा कोड विकत घेऊन वापरा, म्हणजे तेवढेच पैसे जातील. प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सोय सेटिंगमध्ये चालू ठेवा. असा कोड फोनवर कुणी मागितला तर सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

दुकानात गेल्यावर

दोघी-तिघी मिळून जा आणि एवढं तपासा.

• रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबीपेक्षा कमी नको. मेमरी कार्डाची खाच हवी.

• सिम बसतं की नुसतं वायफाय, हे विचारा. सिमवाला थोडा महाग पडतो. नुसता वायफायवाला घेतला तर दर वेळी कुणाच्या तरी फोनचं नेट जोडावं लागेल. ते कोण देणार, ते आधीच ठरवा.

• प्ले स्टोअर उघडून सेटिंगमध्ये "अबाउट" या भागात जा. टॅबलेट प्रमाणित आहे की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

• खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

• अँड्रॉइडची आवृत्ती कोणती आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षं येणार, ते विचारा. आवृत्ती फार जुनी झाली की नवी ॲप चालत नाहीत.

• दुरुस्ती केंद्र कुठे आहे? जिल्ह्याच्या गावी नसेल तर पुन्हा विचार करा.

• जुना टॅबलेट घेत असाल तर आधीच्या मालकाने आपलं खातं समोर काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर तो कुलूपबंद पाटी होऊन बसेल.

• पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना वाचून दाखवा. तीन प्रश्नांची उत्तरं ठराववहीत लिहा. टॅबलेट कोणत्या कामासाठी घ्यायचा? त्यावरचं काय नेटशिवाय चालायला हवं? आणि किल्ली कोणाकोणाकडे राहणार? ही उत्तरं ठरली की कोणता टॅबलेट घ्यायचा ते सांगायला दुकानदाराची गरज उरणार नाही.