भजनाचा ध्वनिपाठ आणि घरचा संगणक

बेंगळुरूच्या चिकपेट व लगतच्या जुन्या पेठांत भावसार, रंगारी, नामदेव शिंपी आदी मराठीभाषक समाजांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बेंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा इतिहास अभ्यासकांना परिचितच आहे. येथील मराठीवर कन्नडचे संस्कार किती झाले, हा प्रश्न मात्र लिखित अभंगावरून सुटत नाही. लिपी उच्चार झाकते. ‘जरा’ हा शब्द ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य, तर ‘थोडे’ या अर्थी दंततालव्य ‘ज’ने उच्चारला जातो. देवनागरीत दोहोंचे रूप एकच. कन्नडात हा भेद नाही. तो भेद येथील गायकाच्या मुखी टिकला आहे काय, हे ऐकूनच ठरवावे लागेल.

येथेच ध्वनिमुद्रणाचे तंत्र पाठचिकित्सेच्या कक्षेत शिरते. ‘च’, ‘ज’ यांतील हा फरक घर्षणध्वनीचा असून तो बऱ्याच अंशी सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरच्या पट्ट्यात असतो. टाळांचा झणत्कारही नेमका तेथेच दाटतो. पेटी आणि मृदंग शब्दाला इतके बाधत नाहीत. टाळ त्याला गिळतो.

एस. पी. रोडचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार चिकपेटेपासून हाकेच्या अंतरावर असल्याने साधनांची वाण नाही. अडचण निवडीची आहे. चार मायक्रोफोन मिक्सरला जोडून त्याचे अंतिम निर्गम संगणकात घेतले, तर चारही ध्वनींचे दोनच प्रवाह होतात. त्या क्षणी मिक्सरवर बसलेल्याने ठरविलेले प्रमाण कायमचे होते. नंतर टाळ वेगळा काढणे जवळजवळ अशक्य. चार हस्तलिखितांचे मिश्रण करून मूळ प्रती जाळाव्यात, तसाच हा प्रकार. यूएसबी तार असलेले अनेक स्वस्त मिक्सरही संगणकाकडे दोनच वाहिन्या पाठवितात, हे खरेदीपूर्वी पाहावे. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतंत्र वाहिनी पोहोचविणारा मिक्सर वा ऑडिओ इंटरफेस घेणे श्रेयस्कर. ऑडेसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत या वाहिन्या शेजारी-शेजारी साठविता येतात.

२४ बिट आणि ४८,००० नमुने प्रतिसेकंद या मापाने चार वाहिन्यांचे तासाभराचे मुद्रण सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. आजच्या संगणकाला ते क्षुल्लक आहे. म्हणून एमपी३ रूपात आक्रसून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्या आक्रसण्यात बहुधा प्रथम वरचा पट्टाच छाटला जातो. टाळाचा आघात अकस्मात उसळतो, तेव्हा पातळी शून्य डेसिबेलच्या बरीच खाली, उणे बाराच्या आसपास राखावी. शून्यापलीकडे तरंगाचा माथा कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही.

एका दिशेचे ऐकणारा मायक्रोफोन मुखाजवळ ठेवून टाळकरी त्याच्या पाठीमागे बसविले, तर शब्द पुष्कळ मोकळा होतो. परंतु मुख्य गायकाच्याच हाती टाळ असला म्हणजे हा उपाय लटका पडतो. त्याला टाळाविना गावयास सांगितले, तर लय बदलते, क्वचित शब्दही. असे गायन अवश्य मुद्रित करावे. मात्र ते मूळ भजनाची स्वच्छ प्रत म्हणून न नोंदता, दुसरा पाठ म्हणून स्वतंत्र नावाने ठेवावे.