सात बहिणींच्या डोंगरावर

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या अकरा जणी नागभीड तालुक्यातल्या पेरजागडला, म्हणजे सातबहिणी डोंगराला, निघालो. आदल्या रात्री एका समाजमंदिरात सतरंज्यांवर मुक्काम. झोप कुणाला? साठीच्या काकू म्हणाल्या, "लग्नापासून माहेर सोडलं तर कुठंच निजले नाही बाई मी!"

सकाळी वाटाड्यानं बजावलं, कड्यावर आग्यामोहोळं आहेत. अत्तर नको, उदबत्तीचा धूर नको, आरडाओरडा तर नकोच. (आम्ही अकरा जणी गप्प!) शिवाय वाघाचं रान, एकटीनं मागं राहायचं नाही.

निम्म्यावर काकूंचे गुडघे बोलू लागले. आता उतरायचं तर सगळ्यांनीच. कुणी काही बोलेना. शेवटी त्यांनीच पदर खोचला. मग चढण त्यांच्या पावलानं झालं, दर दहा पायऱ्यांना थांबत. वर पोचल्यावर खालच्या धानाच्या बांध्या बघत काकूंनी डबा उघडला. घरी फोन लावायचा मात्र त्या विसरल्या.