हृदय उजवीकडे, सर्दी बारमाही

जन्मल्यापासून वाहणारं नाक, नागपूरच्या भर मे महिन्यातही न हटणारा कफाचा खोकला आणि एक्स-रेत उजव्या बाजूला दिसणारं हृदय. या तीन गोष्टी एकाच मुलात आढळल्या, तर त्यांचं मूळ बहुधा एकच असतं: पेशींवरचे अतिसूक्ष्म तंतू, म्हणजे सिलिया. शाळेत पॅरामेशियमच्या आकृतीत पाहिलेल्या त्याच पक्ष्माभिका.

कीव्हच्या सीवर्ट यांनी १९०४ मध्ये असा रुग्ण नोंदवला. झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये चार रुग्णांचं वर्णन केलं आणि या त्रयीला त्यांचं नाव मिळालं. पण सर्दीचा आणि हृदयाच्या जागेचा संबंध काय, हे कोडंच होतं. ते सोडवायला सुरुवात केली स्टॉकहोमच्या ब्योर्न अफझेलियस यांनी, १९७६ मध्ये. मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या शुक्राणूंची शेपटी हलतच नव्हती. शेपटी हलवणारे डायनीन या प्रथिनाचे बाहूच तिच्यात नव्हते. श्वसनमार्गातल्या सिलियांची रचनाही शेपटीसारखीच असते: कडेनं नऊ जोडनळ्या, मध्ये दोन नळ्या. सिलिया निकामी झाल्या की कफ वर ढकलला जात नाही. तो साचतो, त्यात जंतू वाढतात आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. अफझेलियस यांनी पुढचं अनुमानही मांडलं: गर्भात डावं-उजवं ठरवण्याचं काम सिलियाच करत असाव्यात.

जपानमध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेनं १९९८ मध्ये उंदराच्या गर्भात ते प्रत्यक्ष पाहिलं. गर्भाच्या एका चिमुकल्या खळग्यात सिलिया भोवऱ्यासारख्या एकाच दिशेनं फिरतात आणि तिथला द्रव डावीकडे वाहू लागतो. त्या प्रवाहामुळे डाव्या बाजूची जनुकं जागी होतात आणि हृदय, यकृत, प्लीहा आपापल्या बाजूला घडू लागतात. २००२ मध्ये याच प्रवाहाची दिशा कृत्रिमरीत्या उलटवली, तेव्हा उंदरांची डावी-उजवी मांडणीही उलटली. माणसात हा निर्णय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुरू होतो. पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

प्रवाहच नसेल, तर बाजू नशिबावर सोडली जाते. म्हणून सिलियांच्या या आजाराच्या, म्हणजे प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशियाच्या, जवळपास निम्म्या रुग्णांतच अवयव उलट असतात. तंतोतंत सारख्या जुळ्यांतही एकाचं हृदय डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे असल्याची नोंद आहे. काहींत मांडणी धड सरळही नसते, धड उलटीही नसते. त्याला हेटेरोटॅक्सी म्हणतात, आणि तिच्यासोबत हृदयाचे गंभीर दोष येऊ शकतात. याउलट, सर्व अवयव उलट असलेली बहुसंख्य माणसं निरोगी आयुष्य जगतात. सिलियांचा आजार त्यांतल्या थोड्यांनाच असतो.

आतापर्यंत पन्नासहून अधिक जनुकं या आजाराशी जोडली गेली आहेत. डीएनएएच५ त्यांतलं प्रमुख. त्यांतही भेद आहे. आरएसपीएच गटातली जनुकं सिलियांच्या मधल्या दोन नळ्यांशी निगडित असतात. गर्भाच्या खळग्यातल्या सिलियांत त्या नळ्या नसतातच. त्यामुळे या जनुकांत दोष असला तरी हृदय डावीकडेच राहतं. फुप्फुसं मात्र सुटत नाहीत.

आनुवंशिकतेचं गणित विदर्भाला नवं नाही. तिथल्या सिकलसेल या रक्ताच्या आजारात आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. इथेही बहुतेक वेळा तसंच घडतं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे आहे, तिथे दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते. हा कुणाचा दोष नाही. आईला तर मुळीच बोल लावू नये.

लांबलेला खोकला म्हटला की आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते, आणि ती योग्यच आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राँकिएक्टॅसिसच्या, म्हणजे श्वासनलिका रुंदावण्याच्या आजाराच्या, भारतीय नोंदवहीत २,१९५ रुग्ण होते. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिकांच्या आजाराचं मूळ क्षयात होतं. पण क्षयाच्या तपासण्या वारंवार निर्दोष येत असतील, बाळ पूर्ण दिवसांचं असूनही त्याला जन्मताच धाप लागली असेल, कान सतत भरत असतील, तर सिलियांचा विचार व्हायलाच हवा. नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं मोजमाप, सिलियांच्या हालचालीचं चित्रण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जनुकीय चाचणी हे निदानाचे मार्ग आहेत. एकच चाचणी पुरत नाही: डीएनएएच११ च्या दोषात सूक्ष्मदर्शकाखाली रचना निर्दोष दिसते.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण रोजची छातीची फिजिओथेरपी, नाक धुणं, वेळेवर अँटिबायोटिक, लसीकरण आणि कानांची नियमित तपासणी यांनी फुप्फुसांची हानी लांबणीवर टाकता येते. म्हणून उजवीकडचं हृदय दिसलं की नवल करून थांबू नका, खोकल्याची चौकशी करा. आणि जन्मापासूनच्या कफाच्या खोकल्यात, हृदय डावीकडे आहे एवढ्यावरून हा आजार नाही असं मानू नका. जवळपास निम्मे रुग्ण तिथेच निसटतील.